मिरचीच्या आधीचं ताट

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला उपयंत्री आहे. रस्ते, पुलिया, मोजणीची वही, हे माझं जग. वाचनाची सवय मात्र लहानपणापासून आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका हौशी माणसाचं आहे असं समजून ऐका.

विषय 'मध्ययुगातलं खाणं-पिणं आणि रोजचं जगणं' असा छापलाय. तो कसा सुचला ते आधी सांगतो, कारण निम्म्या लोकांना ते माहीतच आहे. मागच्या महिन्यात महाप्रसादाचा बेत ठरवायला बैठक झाली. तरुण मंडळी म्हणाली, यंदा दाल-बाफले करू, सोपं पडतं, सगळ्यांना आवडतं. त्यावर ज्येष्ठ म्हणाले, बाफले इथल्या लोकांचे, आपलं मराठी पान वेगळं. वरण-भात, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, 'पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहून अजून इथले-तिथले करता?' आणि आमचे एक काका उठून गेले ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. आज ते आलेत, मागे खांबापाशी बसलेत. मी त्यांच्याकडे न बघता बोलणार आहे.

घरी आल्यावर वाटलं, बघू तरी, 'आपलं' म्हणजे नेमकं काय ते.

तर कल्पना करा, आपण सहाशे वर्षं मागे गेलो आहोत. साल १४०० च्या आसपास. पान वाढलंय. आता त्यातून एकेक पदार्थ उचलू. बटाटा उचला, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा उचला, तोही तिकडचाच. हिरवी मिरची, लाल मिरची, दोन्ही उचला. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात या देशात आली. टोमॅटो गेला. मका गेला, म्हणजे इंदूरच्या सराफ्यातला भुट्ट्याचा कीसही गेला. पेरू, पपई, सीताफळ, काजू, सगळे त्याच वाटेनं आलेले पाहुणे. चहा तर फारच अलीकडचा.

आणि आता माझ्या आईला न आवडणारी गोष्ट सांगतो. एकादशीचं ताट आठवा. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद अमेरिकेतला. त्यात दाण्याचं कूट, बटाटा, मिरची. जोडीला रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. रताळं तिकडचं, राजगिराही मुळात तिकडचाच. वरई आणि शिंगाडा एवढे काय ते जुने. म्हणजे सोवळ्यात बसून आपण जे खातो ते ज्ञानेश्वर-नामदेवांनी कधी पाहिलंही नव्हतं. आई म्हणाली, 'मग मी इतकी वर्षं काय केलं?' मी म्हटलं, उपासच केलास, फक्त सामान बाहेरचं होतं.

मग तेव्हा तिखट कशानं व्हायचं? मिरी, पिंपळी, सुंठ, आलं, मोहरी, हिंग. आंबट म्हणजे चिंच, ताक, लिंबू, आवळा, आमसूल. जिभेला झोंबणारं होतंच, पण ते घशात उतरणारं तिखट होतं, ठेच्यासारखं कान गरम करणारं नव्हे.

आता आपल्या भागाविषयी. सन १०३० च्या सुमारास अल्-बेरूनीनं आपल्या ग्रंथात वाटांची यादी दिली आहे. धारहून दक्षिणेला निघालं की काही मुक्कामांनंतर नर्मदेकाठचं नमावूर लागतं आणि तिथून पुढे गोदावरीकाठी जाता येतं, असं तो लिहितो. नमावूर म्हणजे आपलं नेमावर असं मानतात. सिद्धनाथाचं देऊळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे हजार वर्षांपूर्वी माळव्यातून दख्खनला जाणारा माणूस आपल्याच अंगणातून जात होता. 'इथले' आणि 'तिथले' यांची ये-जा तेव्हापासूनची.

त्या काळात धारला राजा भोज होता. त्याच्या नावावर 'चारुचर्या' नावाचं एक छोटं संस्कृत पुस्तक आहे. त्यात लढाया नाहीत. सकाळी उठून दात कसे घासावे, अंघोळ कशी करावी, जेवावं कसं, विडा कसा खावा, असल्या रोजच्या गोष्टी आहेत. मला हे फार आवडलं. एवढ्या मोठ्या राजाच्या नावावर दात घासण्याचं पुस्तक!

भोजानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, ११३० च्या आसपास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लास' रचला. या चालुक्यांचं आणि धारच्या परमारांचं हाडवैर, पहिल्या सोमेश्वरानं तर धार लुटली होती. पण खाण्याच्या बाबतीत हा तिसरा सोमेश्वर रसिक माणूस. त्याच्या ग्रंथात मांडे आहेत. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईनं भाजले म्हणतात तेच मांडे. वडे आहेत, दह्यात साखर घातलेली शिखरिणी आहे, उडदाची 'इड्डरिका' आहे, जिच्यात इडलीचं मूळ शोधतात. आणि शेतातले उंदीर भाजून खाण्याचंही वर्णन आहे. गणपतीसमोर ते तपशील नको, बाप्पाच्या वाहनाला वाईट वाटेल.

आता ज्या साक्षीदारासाठी मी आज उभा आहे त्याच्याकडे येतो. इब्न बतूता, मोरोक्कोचा प्रवासी. १३४२ साली तो दिल्लीहून निघून धार, उज्जैन, दौलताबाद, नंदुरबार असा गेला. धारविषयी तो म्हणतो की हा प्रदेश धान्याचा, विशेषतः गव्हाचा, आणि इथली विड्याची पानं चोवीस दिवसांच्या वाटेवरच्या दिल्लीला जातात. चोवीस दिवस पान ताजं ठेवणं, विचार करा. शिवाय त्या रस्त्यावर अंतर कोरलेले खांब उभे होते, असंही त्यानं लिहून ठेवलंय. हे वाचताना माझी छाती फुगली. आम्ही किलोमीटरचे दगड लावतो तेव्हा कोणी ढुंकून बघत नाही. मोरोक्कोच्या माणसानं मात्र पावणेसातशे वर्षांपूर्वी नोंद घेतली.

पुढे नंदुरबारला त्याला मराठे भेटले. त्यांच्याविषयी तो लिहितो की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, आणि जेवणाआधी स्वच्छ अंघोळ करतात. बस, एवढंच. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. परक्या माणसानं आपल्या ताटाविषयी लिहिलेल्या जुन्या नोंदींपैकी ही एक. त्यात ना बटाटा, ना दाणे, ना मिरची. भात, भाजी, तिळाचं तेल.

आणि गहू कुठला? माळव्यातला! मागे खांबापाशी ऐकू जातंय ना?

बाफल्यांचंही सांगतो. भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात 'अंगारकर्कटी' नावाचा पदार्थ आहे, निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा. म्हणजे आपली बाटी. बाफला हा तिचा उकडलेला भाऊ, त्याचं वय मी सांगत नाही. पण बाटी आणि बटाट्याची भाजी यांत जुनं कोण असं विचाराल, तर निकाल बाटीच्या बाजूनं आहे.

आता मांडवगड. सहल म्हणून आपण सगळे जातो, जहाजमहालासमोर फोटो काढतो. तिथे १४६९ ते १५०० या काळात गियासशाह खिलजी सुलतान होता. त्याला लढायांपेक्षा स्वयंपाकघर प्रिय. त्यानं पाककृतींचं पुस्तक लिहवून घ्यायला सुरुवात केली, ते मुलाच्या, नासिरशाहच्या, काळात पुरं झालं. नाव 'निअमतनामा'. फारसी भाषेत, पन्नास चित्रं असलेलं. ते टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात होतं, तिथून इंग्रजांच्या हाती गेलं आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २००५ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. चित्रांत मिशीवाला सुलतान बसलाय आणि भोवती बायका कढया ढवळताहेत, पुऱ्या तळताहेत, सरबत गाळताहेत.

त्यात खीर आहे, खिचडी आहे, वडे आहेत, समोसे आहेत. एका समोशाच्या सारणात खिम्याबरोबर कांदा, सुंठ, लसूण, गुलाबपाण्यात वाटलेलं केशर आणि वांग्याचा गर घालायला सांगितलाय, आणि तळायचं तुपात. बटाट्याशिवाय समोसा! विड्याची तर पानंच्या पानं आहेत. कापूर, कस्तुरी, वेलची यांची रेलचेल. मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की फारसी मजकुरात मधूनमधून आपल्याकडचे शब्द तसेच ठेवलेत. लिहिणाऱ्याला भाषांतर जमलं नसेल, किंवा स्वयंपाकीण जे म्हणाली तेच त्यानं उतरवलं असेल.

पुढे १६१७ मध्ये जहांगीर मांडूला येऊन काही महिने राहिला. नासिरशाहनं बापाला विष घातलं ही गोष्ट त्याच्या कानावर होती. तेव्हा त्यानं त्या थडग्याला लाथा घालून हाडं नर्मदेत टाकायला लावली, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पाककृतींच्या पुस्तकाचा शेवट असा कडू.

पण मंडळी, ही सगळी राजेरजवाड्यांची ताटं. नांगर धरणाऱ्याचं ताट कोणी चितारलं नाही. त्याच्या घरी पहाटे जात्याची घरघर असे, बाईचा दिवस दळणानं सुरू होई. उखळ-मुसळ, मातीची भांडी, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. मीठ लांबून, बंजाऱ्यांच्या बैलांवरून यायचं, म्हणून ते जपून वापरायचं. अकबराच्या वेळच्या 'आईन-इ-अकबरी'त माळव्याची हवा इतकी बेताची सांगितली आहे की थंडीत रजईची आणि उन्हाळ्यात पाणी गार करायला सोऱ्याची फारशी गरज पडत नाही. (सध्याच्या मे महिन्यात त्या लेखकाला इथे आणायला हवं.) त्याच ग्रंथात आहे की इथे लहानमोठे सगळेच मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत थोडी थोडी अफू देत. शेतकामाला जाणाऱ्या आईला मूल झोपवायला दुसरा उपाय काय असणार?

आणि या साध्या माणसाचं मुख्य अन्न काय, तर ज्वारी-बाजरी. इथे मला माझ्या आजीची गोष्ट सांगायची आहे. मी चौथी-पाचवीत असेन. पुण्याहून नातेवाईक आले. आजीनं सकाळीच भाकऱ्या थापल्या होत्या. टांगा दारात थांबल्याबरोबर तिनं भाकऱ्यांची चळत टोपलीखाली झाकली आणि घाईघाईनं पुऱ्या तळायला घेतल्या. पाहुणे गेल्यावर त्याच शिळ्या भाकऱ्या आम्ही ताकात कुस्करून खाल्ल्या. मी विचारलं, का लपवल्या? म्हणाली, 'गहू पाहुण्यांचा, जोंधळा आपला.' जन्मभर जे खाल्लं त्याची तिला लाज वाटत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं की सन १६१८ मध्ये गुजरातेत जहांगीर बादशहानं बाजरीची खिचडी चाखली, ती त्याला इतकी आवडली की मांस वर्ज्य असेल त्या दिवशी ही खिचडी आणत जा, असा त्यानं हुकूम काढला.

आता आईला साखरेचा आजार आहे. डॉक्टर म्हणतात ज्वारी खा. पण सोयाबीन आल्यापासून आपल्या भागात ज्वारी पेरतो कोण? परवा मंडीजवळच्या दुकानात विचारलं तर गव्हापेक्षा महाग. घेतली. घरी आणली तर आईला भाकरी थापता येईना, हात थरथरतात. सौभाग्यवतीला शिकायचंय, पण कडा चिरतात. आईनं पाटावर बसून नुसतं तोंडानं सांगितलं, पाणी गरम घे, मळताना तळव्याची टाच लाव. आठव्या-नवव्या भाकरीला जमलं. आजीच्या टोपलीखालच्या भाकरीची चव त्या दिवशी परत आली असं मी म्हणणार नाही, कारण थोडी करपली होती.

फार वेळ घेतला. महाप्रसादाचं काय ठरलं ते कार्यकारिणी परवा सांगेलच, त्यात मी पडत नाही. पण आज बाहेरच्या व्हरांड्यात चार वहिनींनी मिळून एक लहानसा बेत केलाय. ज्वारीची भाकरी, तिळाच्या तेलातली वांग्याची भाजी, मिरी-पिंपळीची आमटी आणि बाट्या. बटाटा, दाणे, टोमॅटो काही नाही. काकांना पहिलं पान वाढायचं ठरलंय, त्यांनी नाही म्हणू नये. मीठ कमी वाटलं तर मागून घ्या. मिरची मात्र मिळणार नाही.