दोन पट्ट्यांमधील स्वर

कैरो, बेरूत किंवा दमास्कस येथील लग्नघरांत रात्रीं गाण्याची बैठक बसे, तेव्हां गायकाच्या मागें पूर्वीं चारपांच वादक असत. एकाच्या मांडीवर ऊद हें बिनपडद्यांचें तंतुवाद्य. दुसऱ्यापुढें सुमारें अठ्ठ्याहत्तर तारांचें कानून. तिसऱ्याच्या ओठांशीं बोरूची नळी म्हणजे नाय. चौथ्याच्या हातीं व्हायोलिन, आणि तालासाठीं खंजिरीसारखा रिक्क. या छोट्या वृंदाला ‘तख्त’ असें म्हणत. आज पुष्कळ ठिकाणीं त्या सर्वांच्या जागीं एकच मनुष्य एका लांबट इलेक्ट्रॉनिक कीबोर्डापुढें उभा असतो. बटण दाबलें कीं ऊद वाजतो, दुसरें दाबलें कीं नाय वाजते, आणि ताल तर यंत्राच्या पोटांतच भरलेला असतो. पांच माणसांचें काम एकानें केलें, एवढाच हा प्रश्न असता तर तो केवळ पोटापाण्याचा ठरला असता. परंतु त्याच्या मुळाशीं एक सूक्ष्मतर प्रश्न आहे, आणि तो स्वराचा आहे. ज्या स्वरावर अरबी संगीताचा जीव, तो या यंत्राच्या पट्ट्यांत मुळीं बसविलेलाच नसतो.

ही गोष्ट ध्यानांत येण्यास घरांतील पेटी पुरे आहे. श्रोत्यांनीं पांढरी एक हा षड्ज धरावा. काळी दोन हा कोमल गांधार, आणि पांढरी तीन हा शुद्ध गांधार. या दोन पट्ट्यांच्या मध्यें पेटीवर कांहींच नाहीं. तेथें केवळ एक फट आहे. अरबी संगीतांतील ‘रास्त’ नांवाच्या मुख्य मकामाचा गांधार नेमका त्या फटींत राहतो, आणि त्याचा निषादही तसाच कोमल व शुद्ध यांच्या मधोमध असतो. ‘मकाम’ म्हणजे केवळ स्वरांची उतरंड नव्हे. रागाप्रमाणें त्यालाही चलन असतें, विश्रांतिस्थानें असतात, आणि एका मकामांतून दुसऱ्यांत जाण्याच्या रूढ वाटाही असतात. कांहीं मकाम पेटीवर सहज वाजतात. ‘अजम’ हा बिलावलाच्या सप्तकासारखा, ‘कुर्द’ भैरवीच्या सप्तकासारखा, आणि ‘हिजाझकार’ तर भैरवाच्या सप्तकाशीं तंतोतंत जुळणारा. परंतु रास्त, बयाती, सिकाह, सबा हे जे सामान्य अरबी माणसाच्या अगदीं ओठांवरचे मकाम, त्यांना ती मधली जागा लागतेच. दरबारीचा आंदोलित गांधार पेटीवर कां निघत नाहीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला अरबी वादकाची अडचण निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ही मधली जागा कोणा आधुनिकाची लहर नव्हे. आठव्या शतकांत बगदाद येथें हारून अल्-रशीदच्या दरबारीं मन्सूर झलझल नांवाचा विख्यात ऊदवादक होता. ऊदाच्या मानेवर त्यानें रूढ केलेली मधल्या बोटाची जागा पुढें त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. दहाव्या शतकांत तत्त्वज्ञ अल्-फाराबी यानें आपल्या संगीतविषयक महाग्रंथांत या जागेचें गणित मांडलें. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पून त्यांतील एकेका भागास ‘सेंट’ म्हटलें, तर पेटीचा कोमल गांधार तीनशें सेंटांवर आणि शुद्ध गांधार चारशें सेंटांवर येतो. फाराबीच्या गणितानें झलझलचा स्वर सुमारें ३५५ सेंटांवर पडतो. त्याच्या मागून आलेला इब्न सीना अशाच मधल्या स्वराला सुमारें ३४२ सेंटांची जागा देतो. दोघेही थोर पंडित. तरीही दोघांत बारातेरा सेंटांचें अंतर! या अंतराचा अर्थ पुढें स्पष्ट होईल.

एकोणिसाव्या शतकांत मिखाईल मिशाका या लेबनानी विद्वानानें सप्तकाचे चोवीस भाग करण्याची पद्धति विवरून सांगितली. पुढें हे चोवीसही भाग अगदीं समान मानावे, असें पुष्कळांस वाटूं लागलें. लिहिण्यास व शिकविण्यास ही व्यवस्था सोयीची होती. परंतु ती सर्वांस मान्य झाली नाहीं. १९३२ सालीं इजिप्तचे राजे फुआद यांच्या आश्रयाखालीं कैरो येथें अरबी संगीताची मोठी परिषद भरली. हंगेरीचे बेला बार्टोक, जर्मनीचे पॉल हिंडेमिट व कुर्ट झाक्स, तुर्कस्तानचे रऊफ येक्ता अशी मंडळी तेथें जमली होती. समान चोवीस भागांचा प्रश्न निघाला, आणि त्यावर एकमत होऊं शकलें नाहीं. पियानोला अरबी वाद्यवृंदांत स्थान द्यावें कीं नाहीं, यावरही तीव्र वाद झाला. गंमत अशी कीं, पियानो नको म्हणणारांत युरोपीय विद्वानच पुढें होते, आणि तो हवा म्हणणारांत कित्येक इजिप्शियन. एकांना प्राचीन परंपरा अबाधित राहावी असें वाटे. दुसऱ्यांना आपला देश जगाच्या मागें राहूं नये असें वाटे. दोन्ही इच्छा प्रामाणिकच होत्या.

महाराष्ट्राला हा वाद परका नाहीं. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी यांनीं बावीस श्रुतींचा विचार करून श्रुति-हार्मोनियम तयार करविलें. त्यांचा प्रयत्न पेटीला टाकून देण्याचा नव्हता, तिला सुधारण्याचा होता. पुढें १९४० सालीं नभोवाणीनें पेटीवर बंदीच घातली, आणि ती १९७१ नंतर क्रमाक्रमानें सैल झाली. सुधारलेली पेटी घरोघर गेली नाहीं, आणि बंदीनें साधी पेटी घरांतून बाहेरही गेली नाहीं. यंत्र सोयीचें असलें म्हणजे तें राहतें. मग त्याच्याशीं कसें वागावें, एवढाच प्रश्न उरतो.

अरब देशांतही तेंच घडलें. लेबनानमधील अब्दुल्ला शाहीन यांनीं असा पियानो सिद्ध केला कीं, पायांखालील दांडी दाबतांच त्यांतून पाव स्वरांचें अंतर साधावें. कल्पना सुंदर, परंतु असें वाद्य दारोदार नेणें कठीण. १९६४ सालीं मुहम्मद अब्दुल वह्हाब यांनीं उम्म कुल्सूम यांच्यासाठीं प्रथमच चाल बांधली, ती ‘इन्त उम्री’ या गीताची. आणि तींत विजेच्या गिटारीला जागा मिळाली. त्यानंतरच्या काळांत अब्दुल हलीम हाफिज यांच्या वाद्यवृंदांत विजेचें ऑर्गनही ऐकूं येऊं लागलें. विजेचीं वाद्यें एकदां थोरांच्या मैफलींत शिरलीं, तेव्हां तीं लग्नमांडवांत येणार हें उघडच होतें.

आतां या कीबोर्डांत मधला स्वर कसा आणतात, तें पाहूं गेल्यास युक्ति फार सोपी आहे. पेटीचा सूर धातूच्या पत्तीशीं बांधलेला असतो. पत्ती घासल्याशिवाय तो बदलत नाहीं. इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर म्हणजे यंत्रांतील एक आंकडा. आंकडा बदलला कीं सूर बदलला. यामाहा, कॉर्ग यांसारख्या कारखान्यांनीं अरबी वादकांसाठीं जे खास कीबोर्ड काढले, त्यांवर सप्तकांतील बारा स्वरांसाठीं बारा लहान बटणें असतात. पांढरी तीन आणि पांढरी सात यांचीं बटणें दाबलीं म्हणजे ते दोन स्वर पन्नास सेंटांनीं खालीं उतरतात. मग पांढरी एकपासून पांढऱ्याच पट्ट्या चढत गेल्यास रास्त वाजतो. बयातीसाठीं पांढरी दोन हा षड्ज धरावा, पांढरी तीन तशीच उतरलेली ठेवावी, आणि पांढरी सातऐवजीं काळी पांच घ्यावी.

खरी कसोटी याच्या पुढें आहे. रास्त गातां गातां गायक उत्तरांगांत हिजाझचे स्वर घेतो, आणि त्याला ‘सूझनाक’ म्हणतात. तेथें पांढरी सहा जाऊन काळी चार येते, आणि उतरलेली पांढरी सात पुन्हा आपल्या मूळ जागीं चढावी लागते. गायक कांहीं घंटा वाजवून सूचना देत नाहीं. वादकानें त्याच्या एका वळणावरून पुढचा मकाम ओळखावा, आणि डाव्या हातानें बटण फिरवावें. एक क्षण उशीर झाला तर बेसूर; एक क्षण लवकर झाला तर तोही बेसूर. कानून वाजविणारा डाव्या हातानें तारांखालच्या लहान कळा वरखालीं करून शतकभर हेंच करीत आला आहे. म्हणून चांगला कीबोर्डवादक पाहिला म्हणजे त्याच्या डाव्या हातांत कानूनवाल्याचा हात दिसतो.

संगणकावर काम करणारांची अडचण याहून निराळी असे. १९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून ‘मिडी’ नांवाची सांकेतिक भाषा ठरली. त्या भाषेंत प्रत्येक पट्टीला एक क्रमांक मिळाला, आणि हे क्रमांक बारा स्वरांचें सप्तक गृहीत धरून दिले गेले. मधला स्वर हवा असेल तर सूर वांकविण्याचा वेगळा संदेश पाठवावा लागे. परंतु तो संदेश एका वाहिनीवरील सर्वच स्वरांना एकदम वांकवी. गांधार खालीं ओढावा तर सोबतचा पंचमही खालीं येई! पुढें १९९२ च्या सुमारास स्वरजुळणीचे स्वतंत्र संकेत ठरले, आणि २०१८ सालीं प्रत्येक बोटाखालचा स्वर स्वतंत्रपणें वांकविण्याची सोयही मान्य झाली. म्हणजे बारा पट्ट्यांचा आग्रह विजेचा नव्हता. ज्यांनीं यंत्र प्रथम घडविलें, त्यांच्या कानांचा तो आग्रह होता.

वाद्यांच्या आवाजाचीही अशीच कथा आहे. आज कीबोर्डांतील ऊद हा खऱ्या ऊदाच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांपासूनच केलेला असतो. परंतु एकच नमुना वर ओढून दुसऱ्या स्वराला वापरला, तर लाकडाच्या पोकळीचा घुमार चिरका होतो. एकच पट्टी चारदां दाबली आणि चारही वेळां तोच आवाज आला, तर कान तत्काळ फसवणूक ओळखतो. कारण खऱ्या वादकाचे दोन आघात कधींच सारखे नसतात. म्हणून उत्तम संग्रहांत प्रत्येक स्वराचे अनेक नमुने घेतात, हलका व जोरदार आघात वेगळे मुद्रित करतात, आणि ते आळीपाळीनें वाजवितात. नायचें अवघड आहे. तिच्या सुरांत फुंकीचा श्वास मिसळलेला असतो, आणि तो श्वास स्वराच्या मध्यावर बदलतो. तो बदल वादकाला हाताशेजारच्या चाकानें किंवा दांडीनें घडवावा लागतो. ज्याला हें ठाऊक नाहीं, त्याची नाय आगगाडीच्या शिटीसारखी सरळ वाजते.

आतां फाराबी व इब्न सीना यांच्या अंतराकडे वळावयाचें. कीबोर्डाचें बटण दाबतांच गांधार ३५० सेंटांवर जातो. ना ३४२, ना ३५५. तुर्कस्तानच्या प्रचलित शास्त्रांत तर रास्तचा गांधार ३८४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ शुद्ध गांधारापाशीं आहे. एकाच गांवांतील वादकसुद्धां रास्तमध्यें हा स्वर थोडा चढा घेतो, आणि बयातींत तोच स्वर थोडा उतरता घेतो. हा दोष नव्हे. हीच त्या मकामाची ओळख. यंत्र मात्र सर्वांना एकच जागा देतें. बारा पट्ट्यांची सक्ती गेली, आणि तिच्या जागीं चोवीस पट्ट्यांची सक्ती आली, असें होण्याचा धोका येथें आहे. पहिली सक्ती परकी होती, म्हणून ती सलत होती. दुसरी आपल्याच घरच्या नांवानें येते, म्हणून ती सलत नाहीं. आणि म्हणूनच ती अधिक भयंकर आहे. ज्या मुलानें लहानपणापासून बटणाचाच गांधार ऐकला, त्याला आजोबांच्या जुन्या तबकडीवरील गांधार उद्यां बेसूर वाटेल. तबकडी तीच राहील. कान मात्र बदललेला असेल.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. बहुतेक अरबी कीबोर्डांत पन्नासाचा आंकडा बदलतां येतो. तो चाळीस करावा किंवा पंचेचाळीस, हें वादकाच्या स्वाधीन आहे. २०२१ सालीं खय्याम अल्लामी या इराकी वंशाच्या ऊदवादकानें ‘लाइमा’ व ‘अपोटोमी’ या नांवांचीं दोन संगणकीय साधनें सर्वांसाठीं खुलीं केलीं. त्यांत कोणत्याही परंपरेची स्वरजुळणी ऐकतां येते, नवी करतां येते, आणि ती वापरून संगीत रचतां येतें. त्यामागील विचार असा कीं, कोणती एक स्वरजुळणी स्वाभाविक आणि बाकीच्या चमत्कारिक, असें यंत्रानें ठरवूं नये.

परंतु साधन कितीही उदार झालें, तरी आंकडा कोणता भरावा हें तें सांगत नाहीं. तें सांगणारा कान जुन्या गायकांच्या सहवासांत आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या श्रवणानेंच तयार होतो. सुदैवानें कैरोच्या त्या परिषदेंत अनेक देशांच्या गायकवादकांचें ध्वनिमुद्रण ग्रामोफोन कंपनीनें करून ठेविलें आहे. आजच्या वादकानें आधीं तें ऐकावें, त्यांतील गांधार गळ्यानें गाऊन पाहावा, आणि मग यंत्राला त्याच्याशीं जुळवावें. तंबोरा जुळविणारा प्रथम कान लावतो आणि मागाहून खुंटी पिळतो. विजेच्या वाद्यालाही खुंटी आहे. ती फक्त डोळ्यांना दिसत नाहीं. ती पिळणारा हात जोंवर कानाचें ऐकतो, तोंवर झलझलचा स्वर त्या दोन पट्ट्यांमधील फटींत सुखरूप राहील.