घरातील नेटवर्क-प्रयोगशाळा
(अक्कलकुवा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपली कित्येक मुले नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी पुण्याची वाट धरतात आणि वर्गाच्या शुल्कासाठी घरी कर्ज निघते. आमची विनंती एवढीच, की शुल्क भरण्यापूर्वी घरातील एक कोपरा त्या मुलास, अथवा मुलीस, द्यावा.

आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज रेशन काय, बँक काय, सारे जाळ्यावर अवलंबून आहे. ते तुटले म्हणजे डोंगर उतरून आलेल्या माणसावर रिकाम्या हाताने परतण्याची पाळी येते. ते दुरुस्त करणारी माणसे याच तालुक्यात का तयार होऊ नयेत?

सिस्कोची सीसीएनए परीक्षा १२० मिनिटांची असून तिचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. केवळ पाठांतराने ती साधत नाही. विहिरीच्या काठावर बसून कोणास पोहता आले आहे? आरंभास पैसाही लागत नाही. सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर नाव नोंदविल्यास विनामूल्य मिळतो; राउटर, स्विच, तारा, सर्व काही पडद्यावर मांडता येते. प्रत्यक्ष यंत्रे हवीच असतील, तर कार्यालयांतून काढलेले जुने स्विच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शोधावेत. कन्सोल केबल सोबत मागून घ्यावी. काही स्विचांच्या पंख्यांचा आवाज फार असतो. वडीलधाऱ्यांच्या निजण्याच्या खोलीत ते ठेवू नयेत!

खरे शिक्षण बिघाडातून होते. दोन राउटर ओएसपीएफने जोडावेत. इथरनेटवर ते सामान्यतः दर १० सेकंदांनी एकमेकांस ‘हॅलो’ म्हणतात. ४० सेकंद हाक आली नाही, तर शेजारी गेला असे समजतात. एका भावंडाने एकाच बाजूचा १० चा आकडा ५ करावा. तारा जागच्या जागी, दिवे लुकलुकत आहेत, तरीही शेजार मोडतो. दोष कोठे आहे, हे दुसऱ्याने आज्ञा देऊन हुडकावे. ज्याने असे वीस दोष स्वतः शोधले, तो मुलाखतीत गडबडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक. राउटरची चालू मांडणी जतन केली नाही, तर वीज जाताच ती पुसली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे हा धडा विनाशुल्क मिळतो.

ज्यांच्या घरी वापराविना पडलेला संगणक असेल, त्यांनी भोजनापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे.