रक्तात हिंडणाऱ्या काळ्या पेशी



कर्करोगाची गाठ एका जागी असते तोवर ती कापून काढता येते. तिच्यातल्या पेशी सुटून रक्तावाटे दुसरीकडे रुजल्या, की खरी काळजी सुरू होते. अशा पेशी 1869 मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात पाहिल्या. पण जिवंत माणसाच्या रक्तात त्या हुडकायच्या कशा? एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे 500 कोटी. त्यांत या भटक्या पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

2004 मध्ये अमेरिकेत ‘सेलसर्च’ या चाचणीला परवानगी मिळाली. तीत 7.5 मिलिलिटर रक्तात चुंबकीय कण मिसळतात. कणांवरची प्रतिपिंडे ‘एपकॅम’ नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि चुंबक लावला की कर्कपेशी बाजूला ओढल्या जातात. स्तन, आतडे, प्रोस्टेट यांच्या कर्कपेशींवर हे प्रथिन सहसा असते. पुण्यातल्या ॲक्टोरिअस कंपनीची ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणीही याच तत्त्वावर चालते.

मेलॅनोमा मात्र या गळाला लागत नाही. हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्यांच्यावर एपकॅम नसते. म्हणून संशोधकांनी त्यांच्या रंगाचाच माग काढला. 1991 मध्ये, रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराचा जनुकीय संदेश रुग्णांच्या रक्तात शोधून दाखवला गेला. पुढची युक्ती तर रक्त न काढताच चालणारी. शिरेवरच्या त्वचेवर लेसरचे झोत टाकायचे. पेशींतले काळे रंगद्रव्य, मेलॅनिन, तो प्रकाश शोषून क्षणात तापते, प्रसरण पावते आणि त्यातून बारीक ध्वनिलहर उमटते. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात व्लादिमीर झारोव यांच्या गटाने 2019 मध्ये 28 पैकी 27 मेलॅनोमा रुग्णांत अशा पेशी टिपल्या. प्रकाशातून ध्वनी मिळवण्याच्या या तंत्रावर आपल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही संशोधन चालते.

मेलॅनोमासाठीच्या या पद्धती अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. निदान आजही गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, मग रुग्णालय बेंगळुरूचे किदवई असो की मुंबईचे टाटा.

आपल्याकडे हा रोग विरळा. पण होतो तेव्हा बऱ्याचदा पायाच्या तळव्यावर किंवा नखाखाली होतो. लोक त्याला कुरूप समजतात, पट्ट्या लावतात आणि महिने दवडतात. म्हणून एवढेच सांगणे : अंघोळ झाली की तळवे बघा, घरातल्या वडीलधाऱ्यांचेही बघा. काळा डाग पसरत असेल, रंग बदलत असेल, चिघळत असेल, नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.