लेकीला मेंदूचा अभ्यास करायचाय
(मलकापूर येथील मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)

मला भाषण जमत नाही. घरात घडलं तेवढंच सांगते.

माझी थोरली बारावीला होती तेव्हा सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, बोलणं बंद झालं. पण आपण बोललेलं त्यांना कळायचं. पोरीनं डॉक्टरांना विचारलं, असं कसं? ते म्हणाले, डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बोलण्याची जागा बहुतेकांच्या डाव्या मेंदूतच असते. तिथनं तिनं धरलं, मेंदू आणि माणसाचं वागणं हेच शिकायचं. याला जैव-मानसशास्त्र म्हणतात.

भावकीत चेष्टा झाली, "रत्नागिरीला जाणार काय गं?" आंबा घाट उतरून गेलं की तिथं मनोरुग्णालय, आपल्याला तेवढंच माहीत. बाळंतीण रडत बसली की आपण 'बाहेरचं' बघतो. शरीरातल्या हार्मोनचाही त्यात भाग असतो, हे मला लेकीकडनं कळलं.

आता माझी चूक. 'घरबसल्या एका वर्षात समुपदेशक' अशा जाहिरातीला मी भुलले. गटातनं 20 हजार अंतर्गत कर्ज काढलं. सर्टिफिकेट आलं, पण ती पदवी नव्हती. पुढं एम.ए.ला ते चालत नाही म्हणाले. पोरीचं वर्ष गेलं. हप्ते मी नंतर दीड वर्ष फेडले.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः कॉलेजं फिरले. जैव-मानसशास्त्र नावाची पदवी शोधत बसू नका. बहुतेक ठिकाणी बी.ए. मानसशास्त्र असतं आणि हा त्यातला एक विषय असतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. फलकावर मानसशास्त्र लिहिलेलं असतं, पण काही कॉलेजात ते जोडविषय म्हणूनच मिळतं. म्हणून पहिलं विचारायचं, "मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत आहे का?" मग प्रयोगशाळा दाखवा म्हणायचं. एका ठिकाणी कुलूप होतं, किल्ली कुणाकडं ते शिपायालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तिथनंच परत फिरलो. शिकवणारे कायम आहेत की तासावर, हेही विचारा. लाजायचं नाही, फी आपण भरतो.

घरबसल्या शिकण्याचा मोह सोडा. 2025 पासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं बंदी घातली आहे. आणि नुसत्या बी.ए.नं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं पुढचं शिक्षण आणि तिची नोंदणी लागते. म्हणजे पाच-सात वर्षांचा हिशोब आत्ताच मांडायचा.

पैशाचं म्हणाल तर फीपेक्षा राहण्या-जेवण्याचं ओझं जास्त. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात वसतिगृह काढलं, ते याच कारणानं. 2024 पासून मुलींना फी माफ, असं आपण ऐकतो. पण ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची. बी.ए.ला कुठली शिष्यवृत्ती बसते ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून महाडीबीटीवर वेळेत अर्ज भरा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांग लागते.

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूची चित्रं काढून भिंतीला लावते, सासूबाई बघत बसतात. येत्या सोमवारी मी तिच्या कॉलेजात जाणार आहे, सकाळी सातच्या एसटीनं. कुणाच्या पोरीला यायचं असेल तर आज सभा संपल्यावर नाव सांगा, मार्कलिस्टची झेरॉक्स बरोबर आणा.