राज्य पालटले, राबाचे काय झाले?

शहापूरजवळचा माहुलीचा किल्ला तुम्ही पाहिला असेलच. मे १८१७ मध्ये इंग्रजांच्या फौजेने पुण्याला वेढा दिला आणि जूनमध्ये पेशव्यांना तह करावा लागला. त्या तहाने माहुलीसह उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली.

फौज येते ती छावणीत बसते, पण तिच्या मागून कागद येतो. आपल्या डोळखांब-मुरबाडकडच्या रानात खरा पालट केला तो या कागदाने.

राब म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. झाडांची टहाळे, पालापाचोळा, शेण पसरायचे, राब भाजायचा, मग त्यात भाताचे रोप करायचे. हे सारे रानावर चाले. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला आणि राने राखीव होऊ लागली. काल जो हक्क होता, त्याची आज सवलत झाली. सवलत म्हणजे देणाऱ्याची मर्जी! ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली, की सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. १८९२ साली मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. टंचाईत ठाकूर-कातकऱ्यांना आधार होता तो याच फुलांचा.

आता, त्याच राजवटीत आगगाडी आली, शाळा आल्या, हे खरंच आहे. पण रान गेले, तेही खरं.

२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी प्राण दिले. १९४७ साली परके राज्य गेले. रानावरचा कागद मात्र राहिला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्याने मान्य केले ते २००६ सालच्या वनहक्क कायद्यात.

या कायद्यात दाव्याची पहिली पायरी ग्रामसभा आहे. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. वडीलधाऱ्यांचे तोंडचे सांगणे लिहून घेतले, तर तेही पुरावा म्हणून चालते.

तेव्हा गुरुजी, तुम्हांला एक विनंती. वहीपेन घेऊन पाड्यावर जा. कोण कुठे राब भाजीत होता, गुरे कुठे चरत, हे म्हाताऱ्यांकडून तारीख घालून लिहून घ्या. आणि बाबांनो, तुम्ही मोकळेपणाने सांगा. एका कागदाने रान नेले. ते परत मागायला आपलाही कागद हवा.