अंधारातली हाक

सप्टेंबर १८९६मधली एक रात्र. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराजवळ, एका टेकडीवर ऑरिन लिबी नावाचे गृहस्थ कान देऊन बसले होते. वरून स्थलांतर करणारे पक्षी चालले होते. अंधारात पक्षी दिसणं शक्यच नव्हतं, पण लिबींनी त्या एका रात्रीत ३,८०० हाका मोजल्या!

अशी हाक देणारा एक पक्षी म्हणजे ओव्हनबर्ड. वजन जेमतेम २० ग्रॅम. पाठ शेवाळी, पांढऱ्या छातीवर काळ्या रेघा, डोक्यावर काळ्या काठांची नारिंगी पट्टी. रानातल्या पाचोळ्यावर तो टुणटुण उड्या मारत नाही, एकेक पाऊल टाकत चालतो. उन्हाळ्यात नराच्या गाण्यानं रान दुमदुमतं. शरदात मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटांकडे निघाला, की त्या वाटेवर ऐकू येते ती फक्त बारीकशी ‘त्सीप्’. ऐकली न ऐकली तोच विरणारी. नर, मादी, त्याच वर्षी जन्मलेलं पिल्लू, सगळे हीच हाक देतात. पिल्लाला वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. दिशेची जाण उपजत असते, पण आसपास आपल्यासारखं कोणी उडतंय, हे त्याला या हाकेतूनच कळत असावं.

आणि हीच हाक जिवावर बेतते. शिकागोत मिशिगन सरोवराकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाची काचेची अवाढव्य इमारत आहे. तिच्यावर आपटून मेलेले पक्षी फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८पासून वेचत आले. शिकागो आणि क्लीव्हलंडमधल्या अशा जवळपास ७०,००० नोंदी तपासून पक्षी-अभ्यासक बेंजामिन विंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दाखवून दिलं, की रात्री हाका देत उडणाऱ्या जातीच जास्त मरतात. ओव्हनबर्ड त्यांतलाच. व्हिरिओ नावाचे पक्षी अशा हाका देत नाहीत, ते तुलनेनं बचावतात. दिव्यांनी भांबावलेला पक्षी हाका मारत राहतो आणि त्या ऐकून बाकीचेही उजेडाकडे ओढले जातात, असा या अभ्यासकांचा कयास आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये याच इमारतीवर एका रात्रीत जवळजवळ हजार पक्षी आपटून मेले. पुढच्या उन्हाळ्यात, पक्ष्यांना काच दिसावी म्हणून, तिच्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म बसवली, आणि त्या शरदात तिथले मृत्यू झपाट्यानं घटले. विलार्ड पक्षी वेचू लागल्यापासून ही फिल्म लागेपर्यंत ४६ वर्षं गेली, याची मला फार हळहळ वाटते.