हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



हातानं केलेल्या निमंत्रणपत्रिकांवर बोला, असं सांगितलं गेलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. मी कविता लिहिते, हस्तकलेचे वर्ग घेत नाही. पण गेल्या डिसेंबरात आमच्या घरात अशा पंचवीस पत्रिका तयार झाल्या आणि त्यातली एक पोचवायला मी स्वतः गेले. त्या एका पत्रिकेखातर हो म्हटलं.

निमित्त होतं नातीच्या सहाव्या वाढदिवसाचं. माझी लेक म्हणाली, "अम्मी, थीम काय ठेवायची?" हल्ली वाढदिवसाला थीम लागते. शेजारच्या इमारतीत कुणाकडे समुद्र झाला होता, कुणाकडे जंगल. हा शब्द मला आधी खटकला. मग वाटलं, शब्द तेवढा नवा आहे, गोष्ट आपल्याकडे जुनीच. डोहाळजेवण घ्या ना! कुणाचं नावेतलं, कुणाचं बागेतलं, कुणाचं चांदण्यातलं. बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. आमच्याकडे मुलानं पहिला रोजा धरला की रोजाकुशाई करतात, त्या संध्याकाळी त्याला नवरदेवासारखे हार घालतात. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं मूल झालं की बिस्मिल्ला करण्याची रीत आहे. त्या दिवशी ते पहिलं अक्षर गिरवतं. या सगळ्या थीमच की.

नातीनं मात्र सगळ्यांची पंचाईत केली. तिनं थीम सांगितली, "नानाचा माग."

आता नानाचा माग राहिलेला नाही. आमचे आठ यंत्रमाग होते. धोटा नसलेले नवे माग आले, जुन्या मागांचं कापड परवडेना, आणि भिवंडीतल्या कितीतरी कारखान्यांतले माग गेले तसे आमचेही भंगारात किलोवर गेले. नातीनं ते फार थोडे दिवस पाहिले. पण माळ्यावर एक पेटी राहून गेली होती. तिच्यात सात-आठ धोटे आणि लाकडी कांड्यांचा ढीग. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती, आडवा दोरा गुंडाळलेली नळी. नात त्यांच्याशी भातुकली खेळते. कांडी तिची बाहुली आणि धोटा त्या बाहुलीचा पाळणा.

तेव्हा ठरलं की पत्रिका कांडीवर गुंडाळायची. पाहुण्यानं दोरा सोडायचा, कापड उलगडत जायचं आणि मजकूर वाचायचा.

बोलायला सोपं होतं. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं कोरं कापड घेतलं. ते कात्रीनं कापायचं नाही. एक छोटी चीर देऊन फाडायचं, म्हणजे दोऱ्याबरहुकूम सरळ फाटतं. चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशा पट्ट्या केल्या. कडेचे चार-पाच दोरे मुद्दाम ओढून काढले, तर छान झालर झाली. दोरे आणखी सुटू नयेत म्हणून आतल्या बाजूला गोंदाचं पाणी फिरवलं. खरी अडचण लिहिण्याची. शाईचं पेन टेकवलं की अक्षराला मिशा फुटायच्या, आणि बॉलपेनचं टोक दोऱ्यात अडकायचं. ताण्याच्या दोऱ्यावर खळ असते, पण तेवढी पुरत नाही. शेवटी मैद्याची पातळ खळ करून पट्ट्यांना लावली आणि अर्धवट ओल्या असतानाच इस्त्री फिरवली. गठ्ठ्यांवर खुणा करायचा बारीक टोकाचा मार्कर घेतला तेव्हा कुठे अक्षर जागेवर बसलं. पहिल्या सहा पट्ट्या वाया गेल्या. घरातले म्हणाले, मोबाइलवर पाठवा ना, मिनिटाचं काम.

मजकूर लिहिणं साहजिकच माझ्याकडे आलं. मी बी. ए.ला मराठी घेतलेली, चार कवितासंग्रहांची बाई. झोकात लिहिलं, "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नानी, यात माझा वाढदिवस कुठंय?" मग तिनंच सांगितलं आणि मी लिहून घेतलं: "माझा वाढदिवस आहे. नानाचा माग गेला, पण कांड्या आहेत. आपण पुठ्ठ्याचा माग करून विणू या. अंगात एक तरी सुती कपडा घालून या." खाली तारीख, वेळ आणि पत्ता. खरं सांगते, त्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. कशाचा समारंभ, काय करायचं, काय घालायचं, सगळं चार ओळींत आलं होतं.

नावाची चिठ्ठी वेगळी, कांडीला दोऱ्यानं बांधलेली. त्यासाठी मी हातकागद आणला. हा माझा शौक. पुण्यात १९४० साली निघालेली हातकागद संस्था आहे, तिथं सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. भिवंडीच्या माणसाला चिंधीचं हे भाग्य ऐकून बरं वाटतं! आपल्याकडचं हे काम त्याहूनही पुष्कळ जुनं. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. महंमद तुघलकानं चौदाव्या शतकात राजधानी तिकडं हलवली, तेव्हा कागदाचे कारागीर आले असं सांगतात. जुन्नरलाही कागद करणारे कागदी होते. पेशव्यांच्या दफ्तरात दौलताबादी आणि जुन्नरी कागद वापरले गेले. मराठी राज्याचा कारभार मुसलमान कागद्यांनी गाळलेल्या कागदावर मोडीत लिहिला गेला. मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता, असं मला अजून विचारतात, तेव्हा मला हा कागद आठवतो.

असो. चिठ्ठ्यांवर नावं लिहायला बसले आणि हात थांबला. पाकिटावर मराठीत नावं लिहायचं काम मी याआधी एकदाच इतक्या मनापासून केलं होतं. १९८४ साली.

त्या वर्षी माझ्या आपाचं लग्न ठरलं होतं. तारीख मेच्या शेवटच्या रविवारची, २७ तारीख, रमजान लागायच्या आत. आम्ही कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणी, अब्बांचा पत्रव्यवहार उर्दूतून आणि मी शाळेत मराठी शिकणारी. अब्बांनी पत्रिका दोन भाषांत छापल्या. उर्दू पाकिटांवर त्यांनी नावं घातली आणि मराठी पाकिटं माझ्याकडे दिली, "तुझं अक्षर चांगलं आहे." त्रेचाळीस पाकिटं होती. अब्बांचे सूतवाले, शाळेचे शिक्षक, अम्मीच्या मैत्रिणी, डॉक्टर. उर्दू पाकिटं आधी वाटून झाली. मराठी पाकिटं शनिवार-रविवारी स्वतः जाऊन देऊ, असं अब्बा म्हणाले, कारण त्या घरी गेलं की चहा घेतल्याशिवाय सोडत नसत, वेळ लागे.

तो शनिवार आलाच नाही. मेच्या मध्यावर दंगल पेटली. संचारबंदी, धूर, लष्कर. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी आज ते सांगत नाही. आपाचा निकाह ईद उलटल्यावर झाला, घरातल्या घरात, चौदा माणसांत. पाकिटं ट्रंकेत राहिली. तारीख उलटून गेलेली पत्रिका कोण वाटणार? तोंडी बोलवायलाही अब्बा कुठं गेले नाहीत. मग तिकडून येणाऱ्या पत्रिकाही कमी झाल्या. पत्रिकेत एक वाक्य असतं ना, वेळेअभावी समक्ष भेटता आलं नाही तरी हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. आमच्या गावात ते दोन्ही बाजूंनी न छापताच गृहीत धरलं गेलं.

छापलेल्या पत्रिकांची मागची बाजू कोरी होती. माझ्या पहिल्या कविता तिच्यावर आहेत. पाकिटं मात्र मी वापरली नाहीत. नावं होती त्यांवर.

डिसेंबरात ती काढली. बरीच माणसं आता नाहीत, कुणाचा पत्ता बदलला, कुणाचा ठाऊक नाही. सगळ्यांना शोधून काढेन असं मी म्हणणार नाही. पण एक पाकीट आमच्या मराठीच्या बाईंचं होतं. माझी पहिली कविता वाचून त्यातली शुद्धलेखनाची पाच पानं काढणाऱ्या बाई. दंगलीनंतर दोन-तीन वर्षांत त्या कल्याणला गेल्या, एवढं माहीत होतं. एका जुन्या वर्गमैत्रिणीकडून पत्ता मिळाला.

रिक्षा कोनगावावरून दुर्गाडीच्या पुलाकडं निघाली आणि मला परत फिरावंसं वाटू लागलं. काय सांगणार होते मी?

बाई ऐंशीच्या पुढं. मला ओळखलं, नावानिशी. मी कांडी दिली आणि तिच्याबरोबर ते पिवळं पडलेलं पाकीट. त्यांनी पाकीटच आधी उघडलं. चष्मा लावून तारीख वाचली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निकालाच्या दिवशी तू मला तोंडी सांगितलं होतंस. आमच्या आपाच्या लग्नाला यायचं हं, म्हणून. पुढं लग्न झाल्याचं कळलं. पत्रिका आली नव्हती. मी समजले, तुझ्या घरच्यांना आम्ही नको असू."

मी म्हटलं, "बाई, आम्हाला वाटलं, तुम्हीच यायच्या नाहीत."

आतून सून चहा घेऊन आली. बाईंनी पाकीट तिला दाखवलं, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आडनावातली वेलांटी चुकली आहे गं. पहिली हवी, तू दुसरी दिलीस." आणि हात पुढं करून पेन मागितलं.

वाढदिवसाला त्या आल्या. वेळ पाचची होती, चारलाच आल्या. भिवंडीच्या रस्त्यांचा भरवसा नाही म्हणून लवकर निघाले, म्हणाल्या. अंगावर सुती इरकल. घरात तयारी काहीच झाली नव्हती, नात अजून न्हाणीत होती, आणि पुठ्ठ्याच्या मागांचा सगळा दोरा गुंतून बसला होता. बाईंनी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली आणि गुंता मांडीवर घेऊन सोडवायला बसल्या.